विमान रद्द केलंत ते बरोबरच, पण कारण सांगायला काय होतं? विमान कंपन्या आणि डीजीसीएला खुलं पत्र

प्रति,
सगळ्या विमान कंपन्यांमधली, प्रवाशांना मेसेज पाठवणारी मंडळी,
आणि सोबत डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातले साहेब-मॅडम,

नमस्कार.

मी ठाण्यात तिकिटं काढून देतो. एजंट म्हणा, तिकीटवाला म्हणा, लोक दोन्ही म्हणतात आणि फ्लाइट रद्द झाली की तिसरंही काहीतरी म्हणतात. आधीच सांगून टाकतो, हे पत्र फ्लाइट का रद्द केल्या म्हणून भांडायला लिहिलेलं नाहीये. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियाच्या ज्वालामुखीची राख आपल्या आभाळात आली तेव्हा ज्यांनी ज्यांनी विमानं थांबवली, वळवली, त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करा. माझं भांडण आहे ते त्या मेसेजशी. "काही ऑपरेशनल कारणांमुळे आपली फ्लाइट रद्द करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." बस्स. एवढंच.

त्या सोमवारी डोंबिवलीचे एक काका-काकू आखातात निघाले होते, मुलीच्या बाळंतपणाला. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ-गूळ, बाळाची झबली, सगळा थाट. ऐरोलीच्या पुढे टॅक्सीत असताना हा मेसेज आला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मेसेज सगळ्यांचे सारखेच असतात. काकांचा मला फोन, "अरे टीव्हीवर दाखवतायत राख दिल्लीकडे चाललीय, मी तर उलट्या दिशेला जातोय, आणि इथे आभाळ बघ किती स्वच्छ आहे, तिकीट जास्त विकलेत म्हणून आम्हाला कटवतायत काय हे लोक?" मी कंपनीच्या एजंट डेस्कला फोन लावला, तिथून उत्तर आलं "ऑपरेशनल". एअरपोर्टवर काउंटरला विचारलं तर तिथल्या पोराला पण वरून तेवढाच शब्द आलेला. तो बिचारा तेवीस-चोवीस वर्षांचा, त्याच्यासमोर शंभर माणसं ओरडतायत आणि त्याच्या हातात सांगण्यासारखं काहीच नाही. शेवटी काकांना मी जे सांगितलं ते तुम्हीच सांगायला हवं होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. लोकांना हे कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे, मी फोनवर सांगितलं आणि काकांना कळलं.

इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी आहे. तो 23 नोव्हेंबरला, रविवारी फुटला. शास्त्रज्ञांच्या हिशोबाने गेल्या बारा हजार वर्षांत तो कधी फुटल्याची नोंद नाही, म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं असा. राख साधारण 14 किलोमीटर वर गेली, म्हणजे 45 हजार फूट, आणि तुमची विमानं उडतात 30 ते 40 हजारांवर, म्हणजे बरोब्बर रस्त्यातच. वरच्या वाऱ्याने ती तांबड्या समुद्रावरून येमेन, ओमान, अरबी समुद्र, मग गुजरात-राजस्थान करत सोमवारी रात्री दिल्लीवर आणली आणि मंगळवारी चीनकडे ढकलली. आता आखाताचा आणि ओमान-अरबी समुद्राचा नकाशा डोळ्यासमोर आणा, मुंबईहून पश्चिमेला जाणारी बहुतेक वाहतूक तिथूनच जाते. काकांचं विमान राखेच्या उलट्या दिशेला जात नव्हतं, राखेच्या पोटात जात होतं. हे एक वाक्य मेसेजमध्ये असतं तर?

आणि हो, आपल्याकडे ती राख खाली पडली नाही, वरूनच गेली. दिल्लीच्या हवेत जे काही होतं ते दिल्लीकरांचं स्वतःचं होतं. पण अधिकृतपणे कोणी साधं काही सांगत नसलं की व्हॉट्सअॅप सांगतं. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर गाड्या झाकून ठेवा, वाळत घातलेले कपडे आत घ्या असे फॉरवर्ड आले होते, ठाण्यात!

आता राखेने विमानाला एवढं काय होतं. लोकांना राख म्हटलं की चूल आठवते, फुंकर मारली की उडाली. ही तशी नाही. ही दगडाची आणि काचेची पूड आहे, टोकदार कण, आणि लांबवर जाते ती तर इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. जेट इंजिन समोरून हवा ओढतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं, आत तापमान 1,400 अंशांच्याही वर जातं. राखेतली काच साधारण 1,100 अंशांच्या आसपास वितळायला लागते. म्हणजे हवेबरोबर आत गेलेली राख इंजिनात वितळते आणि मागे टर्बाइनच्या तोंडाशी जी स्थिर पाती असतात त्यांच्यावर जाऊन चिकटते, तिथे घट्ट होऊन थर बसतो. हवेची वाट अरुंद झाली की दाब उलटा मारतो, इंजिन धडधडतं आणि विझतं. पुढची फिरणारी पाती घासली जातात ते वेगळंच. वेग मोजायच्या नळ्या बुजतात त्यामुळे कॉकपिटमध्ये स्पीड भलताच दिसू शकतो. समोरची काच खरवडून दुधी होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विमानाच्या रडारवर हे दिसतच नाही, कारण ते रडार पाण्याचे थेंब, गारा असलं बघायला बनवलेलं असतं, कोरडी बारीक राख त्याला कळत नाही. रात्री तर पायलटलाही काही दिसत नाही.

हे सगळं माणसाला कळलं ते फार महागात. 24 जून 1982 ची रात्र, ब्रिटिश एअरवेजचं जंबो, फ्लाइट नंबर 9. लंडनहून निघून आपल्या मुंबईला थांबून, मद्रास करून, क्वालालंपूरला गेलेलं आणि तिथून पर्थला चाललेलं, आत 248 प्रवासी. 37 हजार फुटांवर, जावा बेटाजवळ, आधी केबिनमध्ये धुरकट वास यायला लागला, त्या काळी विमानात सिगरेट चालायची त्यामुळे कोणाला फारसं वावगं वाटलं नाही. मग कॉकपिटच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या, इंजिनं आतून उजेड लावल्यासारखी दिसायला लागली, आणि मग एक, मग दुसरं, आणि मग बाकीची दोन, चारही इंजिनं बंद. पायलटना का ते माहीत नव्हतं. रडार स्वच्छ, हवामान उत्तम. खाली गालुंगुंग ज्वालामुखी फुटला होता आणि हे त्याच्या राखेत शिरले होते. दहा-बारा मिनिटांहून जास्त वेळ ते जंबो नुसतं तरंगत खाली येत होतं, खाली डोंगर आणि समुद्र. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास एक इंजिन पेटलं, मग बाकीची पेटली. थोडं वर गेले तर परत ठिणग्या, परत एक इंजिन बंद करावं लागलं. जकार्ताला उतरताना समोरच्या काचेतून जवळपास काही दिसत नव्हतं, बाजूच्या एका पट्टीतून बघत उतरवलं. कोणालाही काही झालं नाही.

पण मी ही गोष्ट तुम्हाला सांगतोय ती इंजिनांसाठी नाही. चारही इंजिनं बंद असताना कॅप्टन एरिक मूडी यांनी माइक घेतला आणि प्रवाशांना सांगितलं की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती चालू करायला आम्ही जिवाचं रान करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. जगभर गाजलेली अनाउन्समेंट आहे ती. काय बिघडलंय, आम्ही काय करतोय, सगळं त्यात आलं. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हे सुचलं, आणि तुम्ही एसी ऑफिसात बसून, सॅटेलाइटचे फोटो समोर असताना, "ऑपरेशनल कारणांमुळे" लिहिता. कमाल आहे राव.

ती इंजिनं परत पेटली कशी, तर बंद पडल्यामुळे आत तापमान उतरलं, चिकटलेली काच थंड होऊन ठिसूळ झाली आणि तुकडे पडून गेली. म्हणूनच आता नियम असा आहे की राखेत शिरल्याचा संशय आला की जमेल तिथे इंजिनाची पॉवर कमी करायची आणि आलात तसे मागे फिरायचं. पॉवर वाढवून वरून निघून जाऊ असं वाटतं, पण तसं केलं की आतलं तापमान वाढतं आणि राख आणखी वितळते. 15 डिसेंबर 1989 ला केएलएमचं अगदी नवं कोरं 747 अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत गेलं, त्यांनी बाहेर पडायला पॉवर देऊन वर चढायचा प्रयत्न केला, चारही इंजिनं गेली, 14 हजार फुटांच्या आसपास खाली आलं आणि मग पेटली. माणसं सगळी वाचली, पण चारही इंजिनं बदलावी लागली, खर्च 8 कोटी डॉलरच्या घरात.

त्यानंतर मग जगभरात नऊ केंद्रं ठरवली गेली, प्रत्येकाला आभाळाचा आपापला तुकडा वाटून दिला, राख कुठे आहे आणि कुठे जाईल ते विमानवाल्यांना कळवायचं त्यांचं काम. हायली गुब्बीच्या राखेचे इशारे फ्रान्समधल्या तुलूझहून निघत होते, आणि आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या हवामान कार्यालयांनी त्यावरून वैमानिकांसाठी इशारे काढले. डीजीसीएने सोमवारीच सूचना काढली की राखेचा भाग आणि ती उंची टाळा, रूट आणि इंधन बदला, इंजिनात काही वेगळं वाटलं किंवा केबिनमध्ये धूर-वास आला तर लगेच कळवा, विमानतळावर राख असेल तर धावपट्टी तपासा. साहेब, खरंच चांगलं काम केलंत. यंत्रणा चालली. वैमानिकाला सगळं कळलं, इंजिनियरला कळलं, कंट्रोल टॉवरला कळलं. फक्त ज्याने पैसे भरलेत त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवसाचा घोळ तर याहून मजेशीर. मंगळवारी मुंबई-हैदराबाद, मुंबई-कोलकाता अशा देशातल्या देशातल्या फ्लाइट पण रद्द झाल्या. लोक म्हणाले बघा, आता ज्वालामुखीच्या नावाखाली काहीही चाललंय, हैदराबादला कुठली आलीय आफ्रिकेची राख! एअर इंडियाने मात्र जाहीरपणे सांगितलं की स्फोटानंतर काही ठराविक भागांवरून उडून आलेल्या विमानांची खबरदारी म्हणून तपासणी चालू आहे, म्हणून त्या फ्लाइट रद्द. झालं ना स्पष्ट? विमान काय एकाच रूटला बांधलेलं नसतं, रात्री परदेशातून आलेलं तेच सकाळी हैदराबादला जातं. आणि तपासणी म्हणजे बाहेरून फडकं मारणं नाही, डॉक्टर दुर्बिणीने पोट तपासतात तशी कॅमेऱ्याची बारीक नळी इंजिनात घालून पात्यावर पातं बघावं लागतं, वेगाच्या नळ्या बघायच्या, फिल्टर बघायचे, काचा बघायच्या. त्याला वेळ लागतो आणि लागूच दे. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगतो तेव्हा दहातले नऊ म्हणतात, मग तपासा बाबा नीट, आम्ही उद्या जातो. दहावा भांडतो, पण तो ट्रॅफिक जाम झाला तरी माझ्याशीच भांडतो.

आता पैशाचं बोलू, कारण खरी मेख तिथे आहे असा माझा संशय आहे. आपल्या नियमात कंपनीच्या चुकीने आणि वेळेवर न कळवता फ्लाइट रद्द झाली तर प्रवाशाला 10 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल, निसर्ग, हवामान वगैरे, तर भरपाई नाही, फक्त रिफंड किंवा दुसरी फ्लाइट. ठीक आहे, योग्य आहे, ज्वालामुखी काय तुम्ही फोडला नाहीत. पण मग कारण काय होतं यावरच सगळं अवलंबून आहे की नाही? आणि ते कारणच तुम्ही लिहीत नाही. नोव्हेंबरमध्ये राख होती, आणि जेमतेम दहा दिवसांनी डिसेंबरच्या सुरुवातीला वैमानिकांच्या ड्युटीच्या वेळांवरून देशभर जे रामायण झालं ते आठवा, हजारो फ्लाइट रद्द, लोक एअरपोर्टवर बॅगांवर झोपलेले. एक आभाळातून आलेलं संकट, दुसरं ऑफिसात तयार झालेलं. माझ्या फोनमध्ये दोन्हीचे मेसेज अजून आहेत, शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कशाचा ते मलाच तारीख बघून सांगावं लागतं. मग प्रवाशाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? राखेच्या दिवशी खरं बोललात तर तुमचाच फायदा आहे हो, भरपाई द्यायची नाही आणि शिव्याही खायच्या नाहीत.

युरोपात हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडचा एयाफ्यालायोकुल ज्वालामुखी फुटला (हे नाव टीव्हीवाल्यांनी तेव्हा प्रत्येक बातमीत वेगळं उच्चारलं), जवळपास आठवडाभर युरोपचं बरंचसं आभाळ बंद, लाखभर फ्लाइट रद्द, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. तोपर्यंत नियम होता की राख म्हणजे राख, थोडी असो की जास्त, जायचं नाही, किती राख इंजिनाला चालते याचा ठरलेला आकडाच नव्हता. कंपन्यांनी बोंबाबोंब केली, चाचणीची उड्डाणं झाली, मग कुठे मर्यादा ठरवून आभाळ उघडलं. त्यात पोर्तुगालच्या फारोहून डब्लिनला जाणारी एक बाई आठवडाभर अडकली, हॉटेल-खाण्याचा खर्च 1,100 युरोच्या वर, कंपनी म्हणाली ही तर अभूतपूर्व आपत्ती, आम्ही काही देणं लागत नाही. 31 जानेवारी 2013 ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने लक्झेंबर्गमध्ये निकाल दिला की ज्वालामुखी असला तरी अडकलेल्या प्रवाशाला जेवण आणि राहायची सोय द्यावीच लागेल, भरपाई नसली तरी. डीजीसीएला माझी विनंती आहे की हे वाक्य आपल्या नियमात इतकं स्वच्छ लिहा की काउंटरवरच्या पोराला फोन करून वर विचारावं लागणार नाही. परदेशात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीची खोली आणि दोन वेळचं जेवण, यापलीकडे काही मागत नाहीये.

हे एकदाच झालं, आता काय परत होतंय, असं म्हणू नका. बालीचे ग्रुप नेणाऱ्या कुठल्याही एजंटला विचारा. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर लेवोतोबी लाकी-लाकी नावाचा ज्वालामुखी आहे, त्याने नोव्हेंबर 2024 पासून नुसता छळ मांडलाय, जून 2025 मध्ये दिल्लीहून बालीला निघालेलं विमान अर्ध्यातून परत फिरवावं लागलं, जुलैमध्ये परत फुटला. हनिमूनची जोडपी, त्यांचे आईवडील, दोन्हीकडचे फोन मला. तिकडे एअरपोर्टवर एक साधी पद्धत आहे, उघड्यावर पांढरा कागद ठेवतात आणि ठराविक वेळाने बघतात की त्यावर राख पडली का. एका नवऱ्या मुलाने मला तिथून सांगितलं, "दादा, इथले लोक म्हणतायत कागद कोरा आहे, मग विमान का नाही?" कारण कागद जमिनीवरचं सांगतो, तुझं विमान तीस हजार फुटांवरून जाणार आहे, तिथे कोण कागद धरणार? पण हे त्याला सांगितलं कोणी, तर मी, ठाण्यात पावसात पिझ्झा खात बसलेल्या माणसाने. आणि आपल्याच अंदमानात बॅरन बेट आहे, देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, सप्टेंबर 2025 मध्ये तोही दोनदा उसळला. छोटे स्फोट होते, गडबड झाली नाही. पण पोर्ट ब्लेअरच्या फ्लाइट भरून जातात आणि त्यातले कितीतरी आपले मराठी लोक असतात, तेव्हा तयारी असू द्या.

तर मेसेज कसा हवा ते मीच लिहून देतो, फुकट, कॉपीराइट नाही: "इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख तुमच्या विमानाच्या वाटेवर, उडायच्या उंचीवर आहे. ती इंजिनाला धोकादायक आहे म्हणून आजची फ्लाइट रद्द. विमानतळावर येऊ नका. पूर्ण रिफंड किंवा जादा पैसे न भरता दुसरी तारीख, खालच्या लिंकवर. पुढची माहिती संध्याकाळी 6 वाजता." आणि सहा वाजता खरंच द्या, नवीन काही नसलं तर नवीन काही नाही असं तरी कळवा. विमान तपासणीला असेल तर तपासणीला आहे असं लिहा, त्यात लाज कसली. मुंबई, पुणे, नागपूर, गोव्यातून उडणाऱ्यांना मराठीत पण पाठवा, कोकणीतही पाठवा, तेवढं तुमच्या कॉम्प्युटरला जमतं, सेल लागला की बरोबर जमतं. हाच मजकूर त्याच वेळी काउंटरवर आणि आम्हा एजंटांना पण द्या, म्हणजे तिघांच्या तोंडून तीन गोष्टी निघणार नाहीत. आणि डीजीसीएने कंपन्यांना सांगावं की रद्द केलेल्या प्रत्येक फ्लाइटचं कारण प्रवाशाला लेखी द्यायचं, आणि ते खोटं निघालं तर दंड. ज्वालामुखीचं निमित्त करून कोणी आपलं स्वतःचं झाकू नये यासाठी एवढं पुरे आहे.

काकांना गुरुवारची सीट मिळाली, डिंकाचे लाडू पोचले, मुलगी झाली. रिफंडच्या फरकाचे पैसे मात्र हे लिहीपर्यंत आलेले नाहीत, पीएनआर माझ्याकडे आहे, कोणाला लक्ष घालायचं असेल तर पाठवतो.

आपला,
ठाण्यातला एक तिकीटवाला